किबिबी संदूक घेऊन पलीकडे गेली

झांझिबारच्या खाडीपलीकडे, किक्वाजुनी वस्तीत, सकाळी नारळाच्या दुधाचा आणि वेलचीचा वास सुटला की समजायचं, किबिबी मकामेने वितुंबुआ तळायला घेतले. तांदळाचे गोड आप्पेच ते. तिच्या हातचे खायला लोक दारात उभे राहायचे आणि उभ्याउभ्या तिची चेष्टाही करायचे, कारण बाईचं लक्ष कधी चुलीवर नसे. शेजारच्या न्हाव्याने रेडिओ लावला, की हिच्या हातातली सळई पात्राच्या काठावर टकटक वाजायला लागे, टाच जमिनीवर आपटायला लागे, आणि तेवढ्यात चार वितुंबुआ करपून जात.

"किबिबी, हे वितुंबुआ आहेत की कोळसे?"

"गाणं झकास लागलं होतं रे! दोन जास्त घे आणि गप खा."

हे आजचं नव्हे, लहानपणापासूनचं. तिचा बाप मकामे बंदरावर पोती वाहायचा आणि लग्नसराईत किदुंबाकच्या ताफ्यात संदूक वाजवायचा. किदुंबाक म्हणजे गरिबांच्या लग्नातलं गाणं. मातीच्या दोन छोट्या ढोलक्या, नारळाच्या करवंटीचे खुळखुळे, एक व्हायोलिन, एक गाणारी बाई आणि ही संदूक. चहा भरून आलेली लाकडी पेटी पालथी घालायची, तिच्या पाठीला भोक पाडून जाड दोर ओवायचा, दोराचं दुसरं टोक काठीला बांधायचं. एक पाय पेटीवर रोवून काठी मागे ओढली की दोर ताणला जातो, सूर चढतो. काठी सैल सोडली की उतरतो. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने दोर. धुम्म, धुम्म, धुम्म! ऐकणाऱ्याच्या पोटात वाजते ती.

बाप वाजवायला लागला की पेटी जागची उड्या मारायची, म्हणून तो छोट्या किबिबीला तिच्यावर बसवायचा. पोरीचं बालपण असं संदुकीवर गेलं. खालून येणारा प्रत्येक ठोका तिच्या अंगातून वर चढायचा. घरी आल्यावर ती पाण्याच्या डब्यावर, शिडीवर, झोपलेल्या भावाच्या पाठीवरसुद्धा वाजवून बघायची.

भाऊ उस्सी तिच्याहून मोठा. त्याच्या हातात व्हायोलिन होतं आणि डोक्यात दगडी शहर. खाडीच्या त्या बाजूला, जुन्या उंच घरांच्या शहरात, तारबचे, म्हणजे बैठकीच्या गाण्याचे, मोठे ताफे होते. काळे कोट घालून रांगेत बसणारे वादक, मांडीवर घेऊन छेडायचं कानून, उद, अ‍ॅकॉर्डियन आणि एकाच वेळी उठणारे व्हायोलिनचे गज. उस्सीला तिथे बसायचं होतं. किदुंबाक त्याला कमीपणाचं वाटायचं. बापासमोर तसं म्हणायची मात्र छाती नव्हती.

किबिबी चौदा-पंधरा वर्षांची असताना म्वेरा गावच्या एका लग्नाच्या सकाळी बंदरावर पोतं निसटलं आणि मकामेचं मनगट मुरगळलं. हात टम्म सुजला. ताफा निघायच्या बेतात. संदूक कोण वाजवणार?

"मी वाजवते," किबिबी म्हणाली.

शेजारणी अंगणातच होत्या. त्यांनी तोंडावर हात घेतले. "अगं बाई! पेटीवर पाय टाकून? चारचौघांत? मकामे, पोरीला पाय वर करून उभी करणार तू?"

"मग काय पाय डोक्यावर घेऊन वाजवू दे?" मकामे म्हणाला. त्याने आपली पँट आणून पोरीला दिली. तिने ती कांगाच्या, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या छापील कापडाच्या, आत चढवली, कमरेला दोरीने आवळली, आणि निघाली.

पहिल्या गाण्याला तिच्या हातातून काठी दोनदा निसटली. बाप गळ्यात हात बांधून शेजारीच बसला होता. "ओढ! सोड! आता ओढ!" असं पुटपुटत होता. दुसऱ्या गाण्याला तो गप्प झाला. तिसऱ्याला, जेव्हा गाणी एकात एक मिसळत पळायला लागली, बायकांनी कंबरेला दुसरा कांगा बांधला आणि धूळ उडायला लागली, तेव्हा मकामेने डोळे मिटले आणि चांगल्या हाताने मांडीवर ताल धरला. किबिबी पेटीवर रोवलेल्या पायाच्या आधाराने जवळजवळ हवेत होती. आपण हसतोय की ओरडतोय, तिलाच कळेना. नवरीची आई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने या पोरीच्या कपाळाला नोट चिकटवली. बायकांनी जिभा हलवत विगेलेगेलेची अशी लांब लकेर काढली की माडावरचे कावळे उडाले.

त्या दिवसानंतर मकामेचं मनगट बरं झालं, पण संदूक त्याने पुन्हा मागितली नाही.

पुढे उस्सीला दगडी शहरातल्या ताफ्यात जागा मिळाली. मागच्या रांगेत, पण मिळाली. पहिल्या मोठ्या बैठकीला त्याने बहिणीला मुद्दाम बोलावलं. जाताना बजावलंही, "हे बघ, ते लग्न नाही. तिथे बसून ऐकतात. फार आवडलं तर उठायचं, हळू डुलत जायचं, गाणाऱ्याला नोट द्यायची, परत यायचं. समजलं?"

"समजलं की. मी काय रानातून आले?"

किबिबी खूप वेळ बसली. मांडीखाली दोन्ही हात दाबून बसली. समोर बायका रेशमी कपड्यांत, अत्तरात न्हालेल्या. एखादी ओळ आपल्या सवतीला किंवा शेजारणीला लागू पडली की एकजण उठायची, पाण्यावर होडी तरंगावी तशी पुढे जायची, नोट द्यायची आणि येताना त्या शेजारणीकडे एक कटाक्ष टाकायची. शब्दाला शब्द न लागता भांडण व्हायचं आणि मिटायचंही. किबिबीला ते फार आवडलं. पण मग सगळ्या व्हायोलिनांनी एकदम उसळी घेतली, आणि हिच्या मांडीखालचे हात सुटले. ती उठली आणि मधल्या वाटेने किदुंबाकच्या लग्नात नाचतात तशी, कंबर हलवत, टाळ्या पिटत थेट पुढे गेली. रेशमी बायकांनी नाकं मुरडली. मागच्या रांगेत उस्सीने व्हायोलिनमागे तोंड लपवलं.

घरी आल्यावर तो ओरडला, "माझी अब्रू घालवलीस!"

"तुम्ही एवढं सुंदर वाजवायचं आणि आम्ही लाकडासारखं बसायचं? मग लाकडांनाच ऐकवा ना!"

पुढे किबिबीचं लग्न झालं. नवरा वुआई भला माणूस होता. मासेमारी करायचा आणि उरलेला वेळ झोपायचा. संदुकीला त्याचा विरोध नव्हता, प्रेमही नव्हतं. काही वर्षांनी लवंगांच्या हंगामाला पेंबा बेटावर गेला आणि तिथेच दुसरी करून राहिला. बातमी घेऊन आलेली तिची शोगा, म्हणजे जिवाभावाची मैत्रीण, रडायला बसली. किबिबीने तिलाच पाणी दिलं. "रडतेस काय? माणूस चांगला होता गं, पण टाळीसुद्धा चुकीच्या जागी वाजवायचा." रात्री एकटी असताना ती रडली असेल तर कुणाला दिसलं नाही.

बाप गेला. उस्सीचा मोठा ताफा म्हातारा होत होत विरळ झाला, तसा तो किदुंबाककडे परत आला. बहीणभाऊ शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचे, मध्ये एक पातळ भिंत. उस्सीने ताफ्याला शिस्त लावली. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घालायचे, सूर नीट लावायचे, दारुडे नकोत. किबिबी त्याचं सगळं ऐकायची. त्याच्या गजाच्या एका वळणावर तिचा दोर आपोआप ताणला जायचा. इतकी वर्षं झाली होती, दोघांना एकमेकांकडे बघायचीही गरज उरली नव्हती.

आणि मग मकुंदुचीचं लग्न आलं.

मकुंदुची दक्षिणेकडचं गाव. नवरीची आई बी आशुरा, म्हणजे आशुराबाई, हिने उस्सीचा किदुंबाक सांगितला होता. ताफा दुपारी पोचला तर अंगणाच्या एका बाजूला, फणसाच्या झाडाखाली, माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे! नवरीचा भाऊ पांडू दार-एस-सलामला कामाला होता. त्याने बहिणीला भेट म्हणून सिंगेलीची, म्हणजे तिकडच्या यंत्रावरच्या भरधाव गाण्याची, मंडळी आणली होती. एक लॅपटॉपवाला डीजे आणि मेजुमा नावाची तरणीताठी पोरगी, जी इतकी भरभर गायची की तिच्या तोंडातून शब्द नव्हे, मुसळधार गारा पडायच्या.

"आई, हल्ली दारला सिंगेलीशिवाय लग्न लागत नाही," पांडू म्हणाला.

"असं? मग तुझ्या बापाचं माझ्याशी लागलंच नाही म्हणायचं!" बी आशुरा म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

उस्सी मात्र हसला नाही. "आम्ही आणि ते यंत्र? एका अंगणात? मी चाललो."

बी आशुराने त्याचा हात धरला. "उस्सी, माझ्या लग्नात तुझा बाप वाजवत होता. तू निघून गेलास तर मी मेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?" शेवटी ठरलं, आळीपाळीने वाजवायचं.

किबिबी आपली संदूक लावत होती तेवढ्यात मेजुमा समोर आली. केस लाल रंगवलेले, पायात बूट, पण वाकून तिने थोरांना करायचा नमस्कार केला. "शिकामू, बी. ही पेटी बसायला आणलीत का? द्या ना, पाय दुखतायत."

"बस की. पण उठशील तेव्हा नाचतच उठशील. मग नवऱ्याने विचारलं तर माझं नाव सांगू नकोस."

"नवरा नाही मला."

"म्हणून एवढ्या घाईत गातेस होय!"

मेजुमा खो खो हसत परत गेली. उस्सीने बहिणीकडे रागाने पाहिलं. "शत्रूशी गप्पा मारू नकोस."

पहिली पाळी किदुंबाकची. उस्सीने गज टेकवला आणि त्या दिवशी त्याने जे वाजवलं ते किबिबीने आयुष्यात ऐकलं नव्हतं. रागाने वाजवत होता तो! गाण्यातून गाणं निघत होतं, ढोलक्या पळत होत्या, म्हाताऱ्या आज्या काठ्या टाकून उभ्या राहिल्या. अंगण त्यांचं होतं.

मग स्पीकर कडाडले. गावातली सगळी तरुण मंडळी कुंपणावरून, झाडांवरून, कुठून कुठून अंगणात कोसळली. मेजुमाने माइक तोंडाला लावला आणि म्हणाली, "आजोबांनी सुंदर वाजवलं. फक्त पुढच्या वेळी लवकर सुरू करा, नाहीतर गाणं संपेपर्यंत नवरीला नातवंडं होतील!"

हशा पिकला. उस्सीचा चेहरा तांबडा झाला. दुसऱ्या पाळीला त्याने ताफ्याला इतकं पळवलं की ढोलकीवाल्याला धाप लागली. पुन्हा मेजुमा. पुन्हा किदुंबाक. बायका इकडून तिकडे धावत होत्या, कोणत्या बाजूला नाचू असं त्यांना झालं होतं. बी आशुराच्या नणंदेने तर अंगावरचा कांगाच बदलून आणला. नव्यावर छापलं होतं, "बघवत नसेल तर डोळे मीट." तो ती कुणाला दाखवत होती कळेना, पण दोन्ही बाजूंना मिरवत होती.

चौथ्या का पाचव्या पाळीला डीजेने एक तुकडा लावला. तारबमधलाच कीबोर्डचा सूर, पण फिरवून फिरवून, पळवून पळवून असा आणलेला की माणसाला ऐकताना पडल्यासारखं व्हावं. मेजुमा त्यावर स्वार झाली. किबिबी पेटीवर बसून ऐकत होती. तिची टाच हलली. मग गुडघा. तिला आपलं संदुकीवर बसलेलं बालपण आठवलं नाही की बाप आठवला नाही. तिला फक्त एवढंच दिसलं की तिथे खाली, त्या सगळ्या धावपळीच्या तळाशी, एक मोकळी जागा आहे आणि ती जागा संदुकीची आहे.

ती उठली. काठी बगलेत धरली, संदूक उचलून डोक्यावर घेतली, आणि अंगण ओलांडून चालायला लागली.

"किबिबी! कुठे चाललीस?" उस्सी ओरडला.

"जवळून ऐकायला!"

"पेटी घेऊन?"

तिने स्पीकरसमोर पेटी पालथी घातली, पाय रोवला आणि दोर ओढला.

जुळेना! यंत्र थांबत नव्हतं, श्वास घेत नव्हतं, कुणासाठी वाट बघत नव्हतं. तिचा ठोका कधी आधी पडे, कधी मागे. पोरं हसायला लागली. "आजी, गाडी निघून गेली!" कुणीतरी ओरडलं. किबिबीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागे फिरावं का, असं क्षणभर वाटलंही. पण मग तिने पळणं सोडून दिलं. त्यांच्या चार ठोक्यांना आपला एक, एवढंच धरलं. धुम्म. मध्ये सगळ्या गारा कोसळू दिल्या. पुन्हा धुम्म!

मेजुमाने एकदम मान वळवली. गाता गाताच तिने डीजेला हाताने खूण केली, खालचा आवाज काढून टाक. यंत्राचा ढोल बंद झाला आणि उरली ती संदूक. जमिनीतून येत होती ती. आणि मग हसणाऱ्या पोरांनी जो आरडाओरडा केला! काठ्या टाकलेल्या आज्या इतका वेळ सिंगेलीला पाठ करून बसल्या होत्या, त्या वळल्या. बी आशुराने कंबरेला कांगा बांधला आणि नवरीच्या आईने नाचू नये तशी ती नाचली. किबिबीला घाम दिसत नव्हता, धूळ दिसत नव्हती. मेजुमा तिच्याकडे बघून गात होती, ही तिच्याकडे बघून दोर ओढत होती, आणि दोघी खुळ्यासारख्या हसत होत्या.

गाणं थांबलं तेव्हा तिने मागे पाहिलं. किदुंबाकची जागा रिकामी होती. उस्सी व्हायोलिनची पेटी बंद करून डालाडाला, म्हणजे वडापची गाडी, पकडायला निघून गेला होता.

तिने घरी येऊन भिंत वाजवली. दुसऱ्या दिवशी वितुंबुआचं ताट घेऊन गेली तर उस्सीने दाराआडून सांगितलं, "सिंगेलीवाल्यांना दे." वस्तीतही बोभाटा झाला. नळावर बायका म्हणायच्या, "साठीला आली आणि पक्ष बदलला!" ताफ्यातला ढोलकीवाला समोरून आला की रस्ता बदलायचा. उस्सीने संदुकीच्या जागी एका बँडवाल्याला गिटार घेऊन उभं केलं. पहिल्याच लग्नात लोकांनी विचारलं, "संदूक कुठंय?" आणि त्याने उत्तर दिलं, "बुडाली."

किबिबीला पश्चात्ताप झाला नाही, हे खरं. तिने शोगाला सांगितलं, "पुन्हा तसं वाजलं तर पुन्हा जाईन." पण संध्याकाळी भिंतीपलीकडे व्हायोलिन सुरू झालं की ती चुलीसमोरून उठायची नाही. त्याच्या प्रत्येक वळणाला तिचे खांदे ताणले जायचे आणि हातात दोर नसायचा.

एके दिवशी मेजुमाचा फोन आला. "बी, दारला या. गाणं रेकॉर्ड करायचंय. तुम्ही आणि संदूक."

किबिबी बोटीने समुद्र ओलांडून गेली. बोटीत बसायला जागा नव्हती, म्हणून संदुकीवरच बसून गेली. तंदाले वस्तीत एका घराच्या मागच्या खोलीला स्टुडिओ म्हणत होते. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. आत भट्टी. तिने वाजवलं. काचेपलीकडून डीजे म्हणाला, "पुन्हा."

"का? चुकलं?"

"नाही बी, छान झालं. म्हणून पुन्हा."

"हा कसला न्याय! आमच्यात चुकलं की पुन्हा करायला लावतात!"

पण तिला पुन्हा वाजवायला आवडतच होतं. शेवटी तिने हेडफोन लावून आपलीच संदूक ऐकली आणि "अरे देवा, ही मी?" असं इतक्या मोठ्याने ओरडली की मेजुमा खुर्चीवरून उठली. तेही रेकॉर्डिंगमध्ये आलं, आणि डीजेने ते गाण्याच्या सुरुवातीलाच ठेवून दिलं.

गाणं निघालं. एका दुपारी किबिबी बाजारातून पीठ घेऊन डालाडालात चढली, माणसं कोंबलेली, आणि चालकाने तेच लावलं! "अरे देवा, ही मी?" आणि मग धुम्म. किबिबी पिठाच्या पिशवीसकट उभी राहिली, डोकं छताला आपटलं. "ही मी आहे! अहो, ही मीच!"

कंडक्टर म्हणाला, "हो मावशी, आणि मी सुलतान. बसा खाली."

"खोटं वाटतं? थांब." तिने पीठ शेजारणीच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीच्या पत्र्यावर मुठीने ठोके द्यायला सुरुवात केली, गाण्यातल्या प्रत्येक धुम्मवर नेमका. दोन ठोके, चार ठोके, मग ठोका यायच्या आधीच ती ओरडायची, "आता! आता!" आणि यायचाच. मागची पोरं पत्रा बडवायला लागली, कंडक्टर दारात लटकून टाळ्या पिटायला लागला. तिचा थांबा मागे गेला, कुणालाच कळलं नाही. चालकाने गाडी वळवून तिला घराच्या दारात सोडली.

तो गोंगाट ऐकून उस्सी बाहेर आला होता. न्हावी तर ते गाणं दिवसातून कितीदा लावायचा, भिंत काही उस्सीच्या कानांना आडवी येत नव्हती. त्याने बहिणीकडे पाहिलं, पिठाने पांढऱ्या झालेल्या तिच्या कपड्यांकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलला.

"दुसऱ्या कडव्यानंतर तू घाईत आलीस."

"मी नाही. मशीन आलं."

"मशीन घाई करत नाही. माणूस करतो."

"बरं, मी आले. मग?"

उस्सीने उंबऱ्यावर पायाचं बोट घासलं. "आणि त्या कडव्यानंतर रिकामं वाटतं. तिथे काहीतरी हवं होतं. वरचं. गजाचं."

किबिबीला हसू येत होतं पण तिने गाल आतून दाताखाली धरले. "मेजुमाला विचारू?"

"मी विचार म्हणालो का?"

"नाही."

"मग काय विचारतेस मला! विचार की!"

न्हाव्याच्या मुलीचं लग्न किक्वाजुनीतच होतं. गल्लीच्या तोंडाशी स्पीकर, मध्ये ढोलक्या, आणि समोर दुपारच्या उन्हात इस्त्रीच्या कोटात उस्सी. मेजुमा दारहून आली, तिने वाकून त्याला शिकामू केलं. त्याने रीतीप्रमाणे उलट "मराहबा" म्हटलं, पण चेहरा घट्टच. "पोरी, आधी एक संथ म्हण. तारबमधलं. श्वास बघू तुझा."

मेजुमाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला धापा टाकायला लागली. भरभर गाणं तिला सोपं होतं. एक सूर धरून उभं राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. गल्लीतल्या बायका हसल्या. उस्सी हसला नाही. त्याने व्हायोलिनने तिचा सूर खालून उचलून धरला, ती पडेल तिथे तो होता. ओळ संपली तेव्हा मेजुमाचे डोळे भरून आले होते आणि ती माइकमध्ये म्हणाली, "आजोबा, हे फार अवघड आहे हो!"

"आता तुझं लाव," उस्सी म्हणाला. "बघू कुठलं अवघड."

डीजेने लावलं. किबिबीने पाय रोवला. पहिली काही आवर्तनं उस्सी चाचपडला, जशी ती मकुंदुचीला चाचपडली होती, आणि तिने त्याच्याकडे न बघताच दोर एकदा जोरात ओढला, म्हणजे, इथे ये. तो आला! गज असा सुटला की ढोलकीवाल्याने "ओहो!" म्हणून ढोलकी हवेत उचलली. गल्ली गच्च भरली, गच्च्या भरल्या, नवरी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि तिच्या मावश्यांनी तिला मागून धरून ठेवलं. उस्सीच्या व्हायोलिनची एक तार तडकन तुटली. त्याने बघितलंसुद्धा नाही, उरलेल्या तीन तारांवर चालू. घामाने कोट काळा पडला. मेजुमाचा दम गेला, तिने डीजेला हात केला, हळू कर, हळू.

"हळू कशाला?" उस्सी ओरडला. केस विस्कटलेले, डोळे पेटलेले, सत्तरीच्या पुढचा माणूस. "वाढव! अजून वाढव!"

मेजुमाने माइक गुडघ्यावर टेकवला, वाकून श्वास घेतला, आणि पुन्हा गारा कोसळू लागल्या.

आता त्या ताफ्याला लग्नाचं बोलावणं द्यायला आले की लोक आधी विचारतात, यंत्रासकट की यंत्राशिवाय? किबिबी म्हणते, जसं तुम्हाला हवं. उस्सी म्हणतो, दोन्ही. आणि तोच बजावतो, ढोलकीवाल्याने पुन्हा समोरून येताना रस्ता बदलला तर त्याला घरी जाऊन धरून आणायचं. मेजुमा महिन्यातून एकदा दारहून येते, उस्सीच्या खोलीत चटईवर बसून संथ गाणी शिकते. भिंतीपलीकडून ऐकू येतं, तो ओरडतो, ती उलट बोलते, मग व्हायोलिन सुरू होतं आणि ती सूर धरते.